मधुमेह शिकवावा लागतो

मधुमेहावर एक उपचार असा आहे, ज्याचे दुष्परिणाम नगण्य आहेत, जो कुठल्याही गोळीबरोबर चालतो आणि तरीही बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर कधीच लिहिला जात नाही. तो उपचार म्हणजे रुग्णाला त्याचा आजार सांभाळायला पद्धतशीर शिकवणं. २०१६ मध्ये अशा ११८ उपक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. शिकवलेल्या गटांचा एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, न शिकवलेल्या गटांपेक्षा साधारण ०.६ टक्क्याने जास्त उतरला होता. एखाद्या नव्या गोळीने एवढं करून दाखवलं असतं तर तिची जाहिरात कुठे कुठे झाली असती, याची कल्पना करा.

'गोड बंद करा, रोज चाला, वजन उतरवा' याला मी शिक्षण म्हणत नाही. त्या सूचना आहेत, आणि त्या बहुतेक वेळा रुग्ण खुर्चीवरून उठत असताना दिल्या जातात. त्यातून काय करायचं ते कळतं, पण कसं, किती, केव्हा आणि जमलं नाही तर पुढे काय, हे सगळं रुग्णाच्या अंदाजावर सोडलेलं असतं. गाडीची किल्ली हातात ठेवून 'जपून चालवा' म्हणण्याचा हा प्रकार आहे.

बहुतेक आजारांत निर्णय डॉक्टर घेतात आणि रुग्ण ते पाळतो. मधुमेहात डॉक्टर महिन्या-दोन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी एकदा निर्णय घेतात. मधल्या काळातले शेकडो निर्णय रुग्णाचे असतात. आज जेवण उशिरा होणार आहे, तर गोळी आधी घ्यायची की थांबायचं? उपाशीपोटी साखर १८० आली, तर आज जास्त चालावं की इन्सुलिन वाढवावं, की हा आकडा सोडून द्यावा? ताप आहे, अन्न जात नाही, मग इन्सुलिन घ्यायचं का? यातल्या शेवटच्या प्रश्नाला टाइप १ मधुमेहाच्या, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, माणसाने चुकून 'नाही' असं उत्तर दिलं, तर एक-दोन दिवसांत तो अतिदक्षता विभागात पोचू शकतो. आजारपणात शरीर ताणाखाली असतं, साखर वाढते, आणि इन्सुलिन थांबवलं तर रक्तात कीटोन साचून आम्लता वाढते. पोटात अन्न नाही तर इन्सुलिन कशाला, हा विचार वरवर अगदी शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो घातक आहे. हे कुणीतरी आधी, तब्येत ठणठणीत असताना, समजावून सांगावं लागतं. ताप आल्यावर ते सुचत नाही.

ही काही आजची नवी टूम नाही. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरांटोत सापडलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. लवकरच लक्षात आलं, की हे औषध रोज, तेही दिवसातून एकाहून अधिक वेळा घ्यायचं आहे, म्हणजे त्यासाठी कुणाला दवाखान्यात बसवून ठेवता येणार नाही. सुई रुग्णाच्या किंवा त्याच्या आईच्या हातात द्यावीच लागली. बोस्टनच्या एलियट जोस्लिन यांना हे त्याही आधी उमगलं होतं. इन्सुलिन यायच्या आधी, १९१८ मध्ये, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी मिळून एक मार्गदर्शक पुस्तिका लिहिली, आणि पुढे खास प्रशिक्षण दिलेल्या परिचारिका रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. शंभर वर्षांपूर्वी जे एका डॉक्टरला स्पष्ट दिसत होतं, ते आजच्या आरोग्यव्यवस्थेला 'वेळ मिळाला तर' करायची गोष्ट वाटते.

दुसरी गोष्ट ग्लुकोमीटरची. १९६०च्या दशकाअखेरीस रक्तातली साखर मोजणारं पहिलं छोटं यंत्र आलं, तेव्हा ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विकत मिळे. रिचर्ड बर्नस्टीन नावाचा टाइप १ मधुमेह असलेला एक अमेरिकन इंजिनियर होता. त्याची बायको डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावाने त्याने ते मागवलं. दिवसातून अनेकदा साखर मोजून, कशाने ती चढते आणि कशाने उतरते याचा त्याने स्वतःवरच अभ्यास केला. साखर ताब्यात आली. हा अनुभव त्याने लिहून पाठवला, तर वैद्यकीय नियतकालिकांनी तो परत केला. रुग्णाने स्वतःची साखर स्वतः मोजायची ही कल्पनाच तेव्हा पचनी पडणारी नव्हती. शेवटी त्याने चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि डॉक्टर झाला.

आज ते यंत्र घरोघरी आहे. मग सगळे बर्नस्टीन का झाले नाहीत? इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ रुग्णांवर (टाइप २ म्हणजे सहसा मोठेपणी होणारा, जास्त आढळणारा मधुमेह) झालेल्या चाचण्यांत असं दिसलं, की नुसतं घरी साखर मोजण्याने एचबीए१सीमध्ये फारसा फरक पडत नाही. यावरून काहींनी निष्कर्ष काढला की मोजणंच व्यर्थ आहे. मला त्यातून वेगळंच दिसतं. मधुमेही माणसाची साखरेची वही कधी उघडून पाहा. तारखेपुढे तारीख, आकड्यापुढे आकडा: १४२, १५१, १३८, १४७. रोज सकाळी, उठल्या उठल्या, उपाशीपोटी. अक्षर सुबक, एकही दिवस चुकलेला नाही. आणि एचबीए१सी मात्र नऊ, म्हणजे बराच चढा. म्हणजे जेवणानंतर साखर कुठे जाते, हे त्या वहीला ठाऊकच नाही, कारण तेव्हा मोजायचं असतं हे कुणी सांगितलेलं नाही. जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा, अशी जोडी लावून आठवड्यातून तीन-चार वेळा जरी मोजलं, तरी कुठलं जेवण आपल्याला महागात पडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आकड्याचा अर्थ लावता येत नसेल आणि त्यावर काही करण्याची मुभा नसेल, तर बोटाला टोचून घेण्याला काय अर्थ आहे?

त्या वहीची आणखी एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. आकडे साठवून ठेवणारी यंत्रं आली तेव्हा संशोधकांनी वहीतले आणि यंत्रातले आकडे ताडून पाहिले. बरेच आकडे जुळेनात. काही वाढीव साखरा वहीत उतरल्याच नव्हत्या, काही आकडे तर न मोजताच लिहिलेले होते. कारण उघड आहे. डॉक्टरांपुढे वही ठेवणं म्हणजे प्रगतिपुस्तक ठेवणं झालं होतं. आकडा बरा आला तर शाबासकी, चढा आला तर ओरडा. जिथे ओरडा मिळतो तिथे माणूस खोटं लिहितो, आणि त्या खोट्यावर डॉक्टर औषधाचा डोस ठरवतात. चांगल्या शिक्षणाने हे नातं पालटतं. २६० हा आकडा म्हणजे गुन्हा राहत नाही, ती माहिती होते.

साखर ताब्यात ठेवण्याचे फायदे आता वादाचे राहिलेले नाहीत. अमेरिका आणि कॅनडात टाइप १च्या १,४४१ रुग्णांवर झालेला, १९९३ मध्ये जाहीर झालेला मोठा अभ्यास हा त्याचा पाया. काटेकोर उपचारांच्या गटात डोळ्याच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. टाइप २साठी ब्रिटनमधल्या दीर्घ अभ्यासाच्या विश्लेषणात एचबीए१सीच्या प्रत्येक टक्क्यामागे बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांत ३७ टक्के घट दिसली. हे आकडे औषध कंपन्यांच्या सादरीकरणांतून सगळ्यांनी ऐकलेले असतात. पहिल्या अभ्यासातली एक बाब मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या काटेकोर गटाला नुसतं जास्त इन्सुलिन दिलेलं नव्हतं. ते लोक दिवसातून किमान चार वेळा साखर मोजत, त्यावरून डोस स्वतः बदलायला शिकत, दर महिन्याला दवाखान्यात येत आणि मधल्या दिवसांत फोनवर त्यांच्याशी वारंवार बोलणं होई. ७६ टक्क्यांचं सगळं श्रेय कुपीतल्या इन्सुलिनला देणं बरोबर नाही. त्याच गटात साखर धोकादायक रीतीने खाली जाण्याचे प्रसंग तिप्पट झाले, हेही सांगायला हवं. 'साखर ताब्यात हवी तर हायपो', म्हणजे साखर अशी खाली जाणं, 'सोसावा लागणार' असा समज त्यातून पक्का झाला.

त्या समजाला जर्मनीतल्या ड्यूसलडॉर्फच्या गटाने आव्हान दिलं. पाच दिवसांचा वर्ग. त्यात खाण्यातलं कर्बोदक मोजायचं, त्यानुसार जेवणाआधीचं इन्सुलिन ठरवायचं, आणि हे रोज प्रत्यक्ष करून पाहायचं. म्हणजे इन्सुलिनच्या वेळापत्रकाला जेवण बांधून घ्यायचं नाही, जेवणाच्या मापाने इन्सुलिन घ्यायचं. ब्रिटनने हा अभ्यासक्रम उचलला आणि २००२ मध्ये त्याची चाचणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांत एचबीए१सी ९.४ वरून ८.४ वर आला, आणि गंभीर हायपो लक्षणीयरीत्या वाढले नाहीत. मला त्याहून मोलाचं वाटतं ते दुसरंच. या लोकांनी सांगितलं की मनासारखं खाण्याचं स्वातंत्र्य त्यांना परत मिळालं. मधुमेहाचं शिक्षण म्हणजे पथ्याची आणखी एक लांबलचक यादी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता दुसरी बाजू. याच ब्रिटनमध्ये, नुकतंच टाइप २चं निदान झालेल्या ८२४ लोकांवर गटशिक्षणाची मोठी चाचणी झाली. एकूण सहा तासांचं शिक्षण. वर्षभराने पाहिलं तर शिकलेल्यांचं वजन जास्त उतरलं होतं, धूम्रपान सोडणारे जास्त होते, नैराश्य कमी होतं. एचबीए१सीत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. तीन वर्षांनी वजनातला फरकही विरला. टिकलं ते इतकंच, की आपला आजार काय आहे, तो गंभीर आणि कायमचा आहे, आणि आपल्या वागण्याने त्यात फरक पडतो, ही समज. शिक्षणाने काही होत नाही म्हणणाऱ्यांच्या हाती हा अभ्यास आयता सापडतो.

पण सहा तास हा डोस झाला का? २००२ मधल्या एका विश्लेषणात असं दिसलं होतं, की एचबीए१सी एक टक्क्याने उतरवायला रुग्णाला सरासरी २३-२४ तासांचा संपर्क लागतो, आणि शिकवणं थांबल्यावर काही महिन्यांतच परिणाम ओसरू लागतो. एकदाच चार गोळ्या देऊन वर्षभराने 'औषध लागू पडलं नाही' असं कुणी म्हणत नाही. इटलीतल्या ट्युरिनमध्ये उलट प्रयोग झाला. तिथे वैयक्तिक तपासण्यांच्या जागी दर तीन महिन्यांनी नऊ-दहा जणांच्या गटभेटी ठेवल्या, आणि त्या वर्षानुवर्षं चालू ठेवल्या. पाच वर्षांनी गटात येणाऱ्यांचा एचबीए१सी जिथल्या तिथे होता. नेहमीची तपासणी करून घेणाऱ्यांचा ७.४ वरून ९ वर गेला होता. टाइप २मध्ये स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद वर्षागणिक घटत जाते, त्यामुळे 'जिथल्या तिथे' राहणं हीच मोठी मिळकत आहे. मृत्यूचंही एक विश्लेषण आहे. २०१७ मधलं, सुमारे १३ हजार टाइप २ रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून केलेलं. शिक्षण मिळालेल्यांत कुठल्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका २६ टक्क्यांनी कमी दिसला. या चाचण्यांपैकी बहुतेकांचा काळ थोडा होता, म्हणून हा आकडा मी छातीठोकपणे मिरवणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

सगळंच आकड्यांत मोजता येत नाही. इन्सुलिन टोचायच्या जागेचंच घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी सुई टोचली, की त्वचेखाली चरबीची गाठ तयार होते. ती नेहमीच डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी चाचपावी लागते. रबरासारखी, थोडी घट्ट लागते. त्या गाठीत सुई कमी दुखते, म्हणून माणूस आपसूक तिथेच टोचत राहतो. पण तिथून इन्सुलिन रक्तात उतरतं ते लहरीप्रमाणे, आज निम्मं, उद्या भलत्याच वेळी. साखर वाढलेली दिसते, डॉक्टर डोस वाढवतात. मग एक दिवस सुई गाठीच्या बाहेर, चांगल्या जागी पडते, वाढवलेला सगळा डोस एकदम लागू होतो आणि माणूस घामाघूम होऊन कोसळतो. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० जणांची तपासणी झाली, तेव्हा जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना अशा गाठी होत्या. गाठी असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना कारण न कळणारे हायपो होत, गाठी नसलेल्यांत हेच प्रमाण ६ टक्के होतं. हा प्रश्न नव्या, महागड्या इन्सुलिनने सुटत नाही. पोटावरून हात फिरवून पाहणं, रोज जागा बदलायला शिकवणं, सुई दर वेळी नवी घ्यायला सांगणं आणि जागा बदलल्यावर डोस कमी करावा लागेल हे आधीच बजावणं, एवढ्याने सुटतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. मात्र ते कुणाचंच काम म्हणून ठरवून दिलेलं नसतं.

हायपोचंही तसंच. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. नियम सोपा आहे. रात्री दोन वाजता हात थरथरत असताना, जीव घाबरा झालेला असताना ती १५ मिनिटं थांबणं सोपं नाही. शिकवलेलं नसेल तर माणूस समोर येईल ते खात सुटतो, आणि पहाटे साखर ३०० वर असते. असं दोनदा झालं की तो भीतीपोटी इन्सुलिनच कमी करतो. आणि तपासणीच्या वेळी हे डॉक्टरांना सांगत नाही. पायांबद्दल थोडक्यात: संवेदना गेलेल्या पायाला दुखत नाही, म्हणून रोज डोळ्यांनी पाहावा आणि बूट घालण्याआधी आत हात घालून तपासावा. पाय कापावा लागल्यावर हे सांगणं म्हणजे वरातीमागून घोडं.

या सगळ्यावर एक आक्षेप असा आहे, जो मला गंभीर वाटतो. 'स्वव्यवस्थापन' म्हणजे व्यवस्थेने हात झटकायची सोय तर नव्हे? शिकवलं, आता तुझं तू बघ, आणि साखर वाढली तर खापर तुझ्याच डोक्यावर. असं घडतं. ज्याला इन्सुलिन परवडत नाही म्हणून तो ते पुरवून पुरवून वापरतो, त्याला कर्बोदकं मोजायला शिकवणं ही थट्टा आहे. ज्याची दृष्टी अधू झाली आहे, ज्याला विसरायला होतं, किंवा जो पाळ्यांमध्ये राबतो आणि जेवायची वेळ स्वतः ठरवू शकत नाही, त्याच्या माथी सगळा भार टाकणं अन्यायच. पण याचा अर्थ त्याला शिकवू नये असा होत नाही. त्याला वेगळं शिकवावं लागेल, त्याच्या घरातल्या माणसाला शिकवावं लागेल, आणि औषधाची सोय आधी करावी लागेल. न शिकवल्याने भार हलका होत नाही. तो भार तर निदानाच्या दिवशीच रुग्णाच्या डोक्यावर पडलेला असतो. प्रश्न फक्त तो अंधारात वाहायचा की उजेडात, एवढाच उरतो. आणि खरं शिक्षण दोषाची भाषा कमीच करतं. टाइप २ हा काळाबरोबर पुढे सरकणारा आजार आहे, दहा-पंधरा वर्षांनी इन्सुलिन लागलं तर ते पथ्य मोडल्याची शिक्षा नसते, हे पहिल्याच वर्गात सांगितलं तर कितीतरी लोक इन्सुलिन वर्षानुवर्षं टाळत बसणार नाहीत.

मग अडतं कुठे? फक्त पैशांशी नाही. अमेरिकेत वृद्धांसाठीचा सरकारी विमा मधुमेहाच्या शिक्षणाचे पहिल्या वर्षी १० तास आणि नंतर दर वर्षी २ तास भरून देतो. तरीही त्या देशात खासगी विमा असलेल्या, नव्याने निदान झालेल्या प्रौढांपैकी पहिल्या वर्षात शिक्षण घेणारे ७ टक्क्यांहूनही कमी निघाले होते. ब्रिटनमध्ये वर्गासाठी रुग्णाचं नाव सुचवलं जातं, पण प्रत्यक्ष जाणारे थोडेच असतात. वर्ग कामाच्या वेळात, लांब, आणि डॉक्टरांनी त्याचा उल्लेख केलेला असतो तोही 'वाटलं तर जा' अशा सुरात. रुग्ण डॉक्टरांचा सूर बरोबर ओळखतो. गोळी 'वाटलं तर घ्या' म्हणून कुणी देत नाही.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या, शिक्षकांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून शिक्षणाच्या चार वेळा ठरवून दिल्या: निदान झाल्यावर, दर वर्षी, नवी गुंतागुंत उद्भवल्यावर, आणि आयुष्यात किंवा उपचारात बदल झाल्यावर. मला ही यादी पटते, कारण तिच्यात शिक्षण 'एकदा झालं' असं कधी होतच नाही. निदानाच्या धक्क्यात ऐकलेल्यातलं निम्मं विसरलं जातं. पाच वर्षांनी मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला की आधीचे आहाराचे नियम बदलतात. रात्रपाळी लागली, गर्भ राहिला, जोडीदार गेला आणि स्वयंपाक स्वतः करायची वेळ आली, की जुनं गणित कोलमडतं.

डॉक्टरांना वेळ नाही हे खरं आहे, पण हे काम त्यांनीच केलं पाहिजे असं कुठे आहे? ड्यूसलडॉर्फचं आणि ब्रिटनचं शिक्षण प्रामुख्याने प्रशिक्षित परिचारिका आणि आहारतज्ज्ञच देत आले आहेत. औषधविक्रेते सुई धरायला उत्तम शिकवू शकतात. जुने रुग्ण, थोडं प्रशिक्षण देऊन, नव्यांना जे सांगू शकतात ते कुठल्याही पांढऱ्या कोटाला जमणार नाही. 'मलाही पहिल्या महिन्यात भीती वाटायची' हे वाक्य त्यांच्याच तोंडी शोभतं. डॉक्टरांचं काम एवढंच, की चिठ्ठीवर औषधांच्या खाली शिक्षणाची तारीख, विषय आणि शिकवणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि पुढच्या भेटीत गोळ्या घेतल्या का हे विचारतात तसंच काय शिकलात ते विचारायचं. विमा आणि सरकारी योजनांनी पाय कापण्याचा खर्च मंजूर करताना मागे जाऊन एक रकाना तपासावा: या रुग्णाला पाय तपासायला कुणी, कधी शिकवलं होतं? तो रकाना कोरा असेल, तर त्याचा जाब रुग्णाला नाही, उपचार करणाऱ्या संस्थेला विचारला पाहिजे.